दहा हजार केतक्या

चांगला पाऊस झाला की आमच्या धंद्याला वाईट दिवस येतात. हे मी सहसा कोणापुढे बोलत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की आम्ही दुष्काळाची वाट पाहत बसतो. तसं नाही. जमिनीखालचं पाणी शोधून देणं हे आमचं काम आहे, आणि विहिरी तुडुंब असल्या की कोणी आम्हाला बोलावत नाही, इतकंच.

मिरजेत आमचं छोटं कार्यालय आहे. पाटीवर ‘केळुसकर आणि घोरपडे, भूजल सल्लागार’ असं लिहिलं आहे. केळुसकर म्हणजे मी. वय एकोणसत्तर. घोरपडे म्हणजे केतकी, माझ्याहून तीस वर्षांनी लहान. एम. एस्सी. करून ती माझ्याकडे शिकायला आली आणि बारा वर्षांपूर्वी मी तिला भागीदार करून घेतलं. माझ्या आयुष्यात मी न डगमगता घेतलेले निर्णय फार थोडे आहेत. त्यांतला तो एक.

ही हकिगत २०४१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांतली आहे.

त्या एप्रिलमध्ये एका सकाळी केतकी आली आणि तिने कागदांचं पाकीट टेबलावर टाकलं.

“बँकेने परत पाठवलं, सर. ही तिसरी.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मॅडम, तुमच्या फर्मचं उत्पन्न उड्या मारतं. तीन वर्षांची सरासरी काढतात आणि वर त्यातलं सगळ्यांत वाईट वर्ष धरतात. मागच्या साली धो धो पाऊस. झालं! मग विचारतात, घरात पगारदार कोणी आहे का? मी म्हटलं, आई आहे, पण ती मला पगार देत नाही.”

ती हसली, पण ते हसू टिकलं नाही.

घर तिला मौजेसाठी नको होतं. ब्राह्मणपुरीत ती आणि तिची आई इंदूताई एका जुन्या बैठ्या घरात वीस वर्षं भाड्याने राहत होत्या. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने इंदूताईंची दृष्टी गेली. पण त्या घरात त्या काठीशिवाय वावरत. चूल, न्हाणी, परसदार, सगळं त्यांच्या पावलांना पाठ होतं. आता मालक वारले होते आणि परदेशातली त्यांची मुलगी घर विकणार होती. तिने भलेपणाने आधी केतकीला विचारलं होतं आणि वीस मेपर्यंत मुदत दिली होती. तोवर कर्ज झालं नाही, तर घर दुसऱ्याला. इंदूताई नव्या घरात किती आणि काय शिकणार? सत्तरीची आंधळी बाई अनोळखी खोलीत म्हणजे खुर्चीवर बसून राहिलेली बाई. केतकीला भीती होती ती एवढीच.

“आता एकच जागा राहिली,” ती म्हणाली. “ते मुजावर आहेत ना, सावल्या पाडणारे.”

सावल्या पाडणं हा शब्द तोवर गावात रुळला होता. एका गृहकर्ज संस्थेने ती यंत्रणा आणली होती आणि इरफान मुजावर नावाचा तरुण अधिकारी तिची मिरजेची शाखा सांभाळत होता. त्यानेच मला ती समजावून सांगितली. जशी समजली तशी लिहितो.

वादळ कुठे धडकेल हे वर्तवताना हवामानशास्त्रज्ञ एकच गणित एकदा करून थांबत नाहीत. सुरुवातीच्या आकड्यांत थोडा थोडा फरक करून ते पन्नास-शंभर वेळा करतात. त्यांतल्या बहुतेक वादळांनी एकाच किनाऱ्याकडे मोहरा वळवला, तर तिकडे इशारा देतात. ही यंत्रणा हेच माणसाच्या बाबतीत करते. तुमची खाती, करार, प्रवास, तब्येत, कामाच्या सवयी, सगळं ती पाहते. मग त्यातून तुमच्या पुढच्या वीस वर्षांच्या दहा हजार वेगवेगळ्या आवृत्त्या चालवते. एकीत पाऊस कमी, एकीत जास्त. एकीत तुम्ही आजारी पडता, दुसरीत मोठं गिऱ्हाईक मिळतं. या दहा हजारांपैकी किती जणी शेवटचा हप्ता भरेपर्यंत टिकतात, ते मोजायचं. आठ हजार टिकल्या की कर्ज मंजूर. उत्पन्नाने उड्या मारल्या तरी हरकत नाही. उडी मारून माणूस उभा राहतो की पडतो, एवढंच ती बघते.

“म्हणजे दहा हजार केतक्या,” मी म्हणालो.

“एकीनंच डोकं उठवलंय सकाळपासून,” मुजावर म्हणाला. “बाकीच्यांचं काय करू, सर?”

मग तो थोडा गंभीर झाला. “एक अडचण आहे. मॅडमचं उत्पन्न भागीदारीतलं. तुमचा धागा त्यांच्या धाग्याला बांधलेला. तुमच्या सावल्या पाडल्याशिवाय त्यांच्या पडत नाहीत. तुमची संमती लागेल. तब्येतीची माहिती, फिल्डचे अहवाल, सगळंच.”

मी सही केली. पण केतकीने पेन पुढे केल्यावर माझा हात क्षणभर अडला होता, हे खरं आहे. मला तब्येतीची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. चार-पाच वर्षांपूर्वी माझे लागोपाठ तीन बोअर कोरडे गेले होते. त्यानंतर मला आतून वाटू लागलं होतं की आपण संपलो. पुढची चार वर्षं मात्र एकही बोअर वाया गेला नव्हता आणि त्या यशाला मी बुडणारा फळीला धरतो तसा धरून होतो. यंत्र ती फळी काढून घेईल की काय, ही भीती.

चार दिवसांनी निकाल आला. सहा हजार एकशे चाळीस.

मुजावरने पडद्यावर कारण दाखवलं. पडलेल्या केतक्यांपैकी बहुतेक एकाच ठिकाणी पडत होत्या: ‘भागीदार क्रमांक एक बाहेर पडणे’. कुठे तिसऱ्या वर्षी, कुठे आठव्या. भागीदार क्रमांक एक म्हणजे मी, आणि बाहेर पडणं या शब्दाचा अर्थ कोणी समजावायला नको होता.

केतकी पटकन म्हणाली, “यंत्राला काय कळतंय!” आणि विषय बदलला. मी घरी आलो. पुस्तक उघडलं, एक पान तीनदा वाचलं आणि मिटलं. सरळ हिशेब होता. मी तिच्या पायातली बेडी होतो. आज ना उद्या मी जाणार आणि जाताना तिलाही ओढणार. तर मग आजच बाजूला व्हावं आणि तिने एखादा तरुण भागीदार घ्यावा. मी राजीनामा लिहिला. चार वेळा लिहिला, कारण प्रत्येक वेळी तो फार भावुक वाटला. शेवटी तीन ओळी उरल्या.

दहा मेला मी तो घेऊन एकटाच मुजावरकडे गेलो. मी आतमध्ये बसलो असतानाच केतकी दार ढकलून आली. मुजावरने तिला फोन केला होता.

“हे बरोबर नाही,” मी त्याला म्हणालो.

“सर, अर्ज त्यांचा आहे. त्यांना न सांगता मी काय करू?”

केतकीने पत्र वाचलं. “तीन ओळी? बारा वर्षांच्या तीन ओळी? दूधवाला बंद करतानासुद्धा माणूस यापेक्षा जास्त लिहितो!”

“केतकी, वीस तारीख दहा दिवसांवर आलीय.”

“म्हणून तुम्ही पळून जाणार?”

“थांबा, दोघंही,” मुजावर म्हणाला. “भांडण्यापेक्षा विचारून बघू. यंत्राला जर-तर विचारता येतं. केळुसकर सर आजपासून नाहीत, असं टाकतो.”

पडद्यावर आकडा खाली खाली येत राहिला आणि थांबला. तीन हजार आठशे सत्तर.

मला वाटलं, काहीतरी चुकलं. “उलट झालं असेल. वाढायला हवा होता.”

“उलट नाही, सर. तुम्ही उद्या गेलात तर त्या पडतात आणि आज गेलात तर आणखी लवकर पडतात.” त्याने खुर्ची पुढे ओढली. “मलाही गंमत वाटली, म्हणून धागे उसवून बघितले. हे बघा. पाऊस चांगला झाला की तुमच्या फर्मची मिळकत निम्म्यावर येते. मग दोघांची निम्म्यावर यायला पाहिजे. सरांची तर जवळजवळ पुसूनच जाते. पण मॅडमची फारशी हलत नाही. बारा वर्षांत प्रत्येक वेळी. आभाळात याचं कारण सापडत नाही. हे कोणीतरी करतंय.”

मला खाली पाहावं लागलं.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांचं वर्ष एक जूनला सुरू होतं, पावसाबरोबर. त्यामुळे आमच्या फर्ममध्ये दर एकतीस मेला पुढच्या वर्षाच्या कामांची वाटणी होते. फायली मी अजून कागदीच ठेवतो. माझ्या वडिलांच्या आणि काकांच्या वाटणीत वडीलधाऱ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, असं ठरलं होतं. तेच मी इथे आणलं. मी फायलींचे दोन ढीग करतो आणि केतकी त्यांतला एक निवडते. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की ती मुद्दाम बारका ढीग उचलते. मोठा, म्हणजे चांगला, आपल्या माणसासाठी ठेवायची तिची रीत. म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी दूध संघ, इस्पितळ, साखर कारखाना अशा वर्षभराच्या करारांच्या पातळ पातळ फायली बारक्या ढिगात घालू लागलो. पाऊस पडो न पडो, त्यांचे पैसे महिन्याला येतात. जाडजूड फायलींचा ढीग माझ्याकडे राहायचा. त्यांतल्या बहुतेक कामांना दुष्काळाशिवाय कोणी विचारत नसे.

अडखळत अडखळत मी हे सांगितलं.

केतकी म्हणाली, “मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं.”

“मग बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही थांबला असता का? दुसरी काहीतरी युक्ती काढली असतीत. आणि ढीग बदलून उचलला असता तर तुमचा चेहरा बघवला नसता. म्हणून घेत राहिले. घेत राहिले आणि लाजत राहिले.”

मुजावर खाकरला. “मॅडम, दुसरा धागा सांगू का? की तुम्ही सांगताय?”

“कोणता दुसरा?” मी विचारलं.

केतकीने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर गप्प झाला असता. पण तो कर्ज द्यायला बसलेला माणूस होता. “रविवारी मॅडमची गाडी कुठे जाते ते बघा. चार वर्षं. सरांनी आठवड्यात जिथे पाहणी केली, तिथेच. आणि तेव्हापासून सरांचा एकही बोअर फेल नाही.”

आम्ही जमिनीत वीज सोडतो आणि खडक तिला किती अडवतो ते मोजतो. ओला, भेगाळलेला खडक कमी अडवतो. कोरडा काळा पाषाण जास्त. आकड्यांवरून अंदाज बांधायचा आणि जिथे खोदायचं तिथे लाकडी खुंटी ठोकून यायचं. नंतर बोअरची गाडी येते आणि त्या खुंटीवर खणते. चाळीस वर्षं मी खुंट्या ठोकल्या आहेत.

“किती वेळा?” मी विचारलं.

ती हातातल्या पत्राची घडी घालू लागली.

“केतकी, किती खुंट्या हलवल्यास?”

“सात.”

“किती किती?”

“कधी दहा फूट. कवठे एकंदच्या शाळेत चाळीस.”

कवठे एकंदच्या शाळेने माझा सत्कार केला होता. शाल अजून माझ्या कपाटात आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि मी भाषणात म्हणालो होतो की अनुभवाला पर्याय नसतो.

मी उठून बाहेर आलो. कार्यालयाबाहेर उन्हाने तापलेल्या पायऱ्या होत्या, त्यांवरच बसलो. मला राग आला होता का? शोधला, पण सापडला नाही. लाज होती, भरपूर. पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं आणि ते वर यायला वेळ लागला. चार वर्षं एक माणूस आपल्या सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात माझ्या पावलांमागून चालत होता. का, तर लोकांनी मला हसू नये म्हणून. माझ्या घरचं म्हणावं असं कोणी उरलेलं नाही. आणि तरी असं कोणीतरी होतं.

केतकी शेजारी येऊन बसली.

“तुम्ही रागावलात.”

“ठोकलेली खुंटी मी नीट घट्ट ठोकतो. उपटलीस कशी?”

“हातोडीनं. पहिली उपटताना रडले होते.” मग ती म्हणाली, “आकडे तुम्ही बरोबरच घेता, सर. फक्त आता वाचताना घाई करता. संध्याकाळपर्यंत थकता आणि पहिल्या अंदाजावरच थांबता. घरी आणून शांतपणे वाचले असते ना, तर तुम्हीच ती खुंटी हलवली असतीत.”

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मीही स्वतःला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, एक तर आपल्याला येतं किंवा येत नाही.

माझ्याकडे त्रेचाळीस वह्या आहेत. सांगली जिल्ह्यात पाहिलेल्या प्रत्येक बोअरची नोंद त्यांत आहे: किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर पाषाण, कुठे पाणी लागलं, कोणत्या उन्हाळ्यात आटलं. त्या मी कोणाला नीट वाचू दिल्या नाहीत. अक्षर वाईट आहे, असं कारण सांगत आलो. खरं कारण असं की त्या कोणी वाचल्या, तर माझी गरज उरणार नाही, असं वाटायचं.

आम्ही परत आत गेलो.

“आणखी एक जर-तर टाका,” मी मुजावरला म्हणालो. “मी फर्ममध्ये राहतो, पण फिल्ड आजपासून बंद. पाहणी केतकी करेल. मी कार्यालयात बसून आकडे वाचेन आणि माझ्या सगळ्या नोंदी फर्मच्या नावावर करेन. वर्षभराचे करार लेखी तिच्याकडे. फायलींची वाटणी यापुढे नाही.”

“सर, नको,” केतकी म्हणाली. “फिल्ड सोडून तुम्ही काय...”

“टाका हो.”

हा आकडा ठरायला बराच वेळ लागला. मुजावरने चहा मागवला, पण कोणी घेतला नाही. मी पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होतो. पहाटे निघायचं, पाठीवर यंत्राची पेटी, ओल्या ढेकळांत बूट रुततात, कुठेतरी टिटवी ओरडते. बरं ते सगळं. एवढ्या सहज हातातून सुटेल, असं वाटलं नव्हतं.

“आठ हजार दोनशे बारा,” मुजावर म्हणाला.

मग त्यानेच सांगितलं, “आता तुम्ही कधीही... म्हणजे, तुमच्यानंतर सगळं एकदम कोसळत नाही, सर. हळूहळू उतरतं. मध्ये मॅडमना सावरायला वेळ मिळतो. वह्यांमुळे.”

“म्हणजे मी मेलो तरी चालतंय.”

“सर!” केतकी ओरडली.

“अगं, मी खूश होऊन म्हणतोय.” आणि मी खरंच खूश होतो. आपल्यानंतर चालतंय, हे एवढ्या नेमक्या आकड्यात किती जणांना कळतं?

भागीदारीचा नवा करार चौदा तारखेला झाला, कर्जाची मंजुरी सतराला आली आणि वीस तारखेच्या दुपारी खरेदीखतावर सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मी होतो.

त्याच संध्याकाळी इंदूताईंनी मला जेवायला बोलावलं. दारात पाऊल टाकलं तोच त्या म्हणाल्या, “या सर, घर दाखवते.”

“पाहिलंय की मी. पंधरा वर्षं येतोय.”

“तुम्ही पाहिलंय हो. मी दाखवलंय का कधी? तेव्हा माझं नव्हतं.”

त्यांनी माझा हात धरला आणि मला घरभर फिरवलं. ही फरशी पोकळ वाजते. इथे उंबऱ्याला खाच आहे, अनवाणी जाऊ नका. ही भिंत दुपारी चारनंतर थंड होते. डोळे असून यातलं काहीच मला कळलं नव्हतं. मी मान हलवत होतो आणि मग ध्यानात आलं की त्यांना ती दिसत नाही. मग “हो, हो” म्हणू लागलो.

परसात आल्यावर त्या थांबल्या. “इथं एखादी बोअर घ्यायची म्हटली तर पाणी लागेल का वो?”

मी सवयीने जमिनीकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “ते आता केतकीचं काम. तिला विचारा.”

“पूर्वेच्या भिंतीपाशी!” केतकी स्वयंपाकघरातून ओरडली. “साठ-सत्तर फुटांत!”

आधीचा मी असतो तर गप्प बसलो असतो. “मी पश्चिमेचा कोपरा म्हणालो असतो,” मी म्हणालो.

हातात उलथनं घेऊन ती दारात आली. “का?”

“ती जास्वंद बघ. मे महिना संपत आला, बाकी सगळं वाळलंय आणि ती हिरवीगार. मुळांना ओल मिळतेय खालून.”

केतकीने जास्वंदीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “आईच्या धुण्याचं पाणी तिकडे जातं, सर. रोज दोन बादल्या.”

इंदूताई आधी हसल्या. मग केतकी हसली, ओठ दाबून, पण माझ्या समोर, मला दिसेल अशी. चार वर्षांत पहिल्यांदा तिने माझा चुकलेला अंदाज तिथल्या तिथे माझ्या तोंडावर सांगितला होता. मला वाटलं होतं, असं झालं की काहीतरी तुटेल. काहीही तुटलं नाही.

मला दोघींचे आभार मानायचे होते. वाक्यसुद्धा जुळवत होतो, नेहमीसारखं, फार भावुक होऊ नये म्हणून एक एक शब्द काढून टाकत. तेवढ्यात इंदूताईंनी पुन्हा हात धरला.

“चला आत, पोळ्या निवतात,” त्या म्हणाल्या. “इथं पायरी आहे. पाय जरा उचलून टाका.”

मी पाय उचलून टाकला.